नदी नाही, घाट नाही, तरी गाव इथेच का? आयोवातल्या ग्रिनेलबद्दल थोडं सविस्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: नोकरीनिमित्त आयोवा राज्यातल्या ग्रिनेल गावात राहायला आलो. वस्ती साडेनऊ हजारांच्या आसपास. चहूकडे मका नाहीतर सोयाबीन. नदी नाही, टेकडी नाही, किल्ला नाही. मग १८५४ साली हे गाव ‘स्थापन झालं’ म्हणजे नेमकं काय झालं? आसपासची गावं रोडावली, हे कसं टिकलं? आणि इथल्या जुन्या खरेदीखतांत दारू न विकण्याची अट असते असं घराचा एजंट म्हणाला, ते खरं का?

मी आयोवात भूमापक आहे. इतिहासाचा प्राध्यापक नाही. पण हद्दीचा वाद सोडवायचा तर जुने ले-आउट, जुनी खरेदीखतं, मोजणीच्या वह्या वाचाव्याच लागतात, आणि वाचता वाचता गावांच्या कुंडल्या कळत जातात. त्यामुळे माझं उत्तर कागदांच्या बाजूने आहे हे आधीच सांगतो.

‘कोणी वसवलं’ याचं उत्तर एका ओळीत मिळतं: जोसाया बुशनेल ग्रिनेल. तुमची खरी अडचण त्या नावाने सुटत नाही. आपल्या डोक्यात गाव म्हटलं की आधी पाणी, मग वस्ती, मग देऊळ आणि बाजार, आणि शेवटी कधीतरी सरकारी मोजणीदार येऊन गावठाणाची हद्द ठरवतो. इथे हा क्रम बरोबर उलटा आहे. आधी मोजणी, मग विक्री, मग प्लॉट, आणि सगळ्यात शेवटी माणसं. हमरस्ता कुठून जाणार हे आधी कळलेला माणूस शेतजमीन घेतो, एनए करतो, प्लॉट पाडतो आणि पेपरात जाहिरात देतो. मिडवेस्टमधल्या बऱ्याच गावांची स्थापना म्हणजे जवळपास हेच. ग्रिनेलमध्ये फरक इतकाच, की प्लॉट पाडणारा माणूस धर्मोपदेशक होता आणि त्याच्या डोक्यात प्लॉटशिवाय आणखी काही होतं.

मोजणीपासून सुरू करू. १७८५ च्या कायद्याने अमेरिकेने ठरवलं की पश्चिमेकडची जमीन आधी चौकोनांत कापायची आणि मगच विकायची. सहा मैल बाय सहा मैलांची एक टाउनशिप, तिचे ३६ तुकडे, प्रत्येक तुकडा एक चौरस मैलाचा म्हणजे ६४० एकरांचा. त्याला सेक्शन म्हणतात. सोळावा सेक्शन शाळेच्या खर्चासाठी राखीव. मोजणी ६६ फुटी साखळीने होत असे. ८० साखळ्या म्हणजे एक मैल, दहा चौरस साखळ्या म्हणजे एक एकर. आपला गुंठा याच घराण्यातला आहे: मुंबई इलाख्याच्या मोजणीत ३३ फुटी साखळी होती आणि ३३ फूट बाय ३३ फूट म्हणजे एक गुंठा. तेव्हा इथली एक चौरस साखळी म्हणजे बरोबर चार गुंठे. इथे नोकरीला लागलो तेव्हा हा हिशेब मला तोंडपाठ असल्याचं सहकाऱ्यांना नवल वाटलं होतं.

तुम्ही गाडीने फिरता तेव्हा दर मैलाला काटकोनात रस्ता येतो, तो सेक्शनच्या हद्दीवरचा रस्ता. आणि मधूनच सरळ रस्ता विनाकारण थोडा डावीकडे किंवा उजवीकडे सरकून पुन्हा सरळ होतो, तिथे बहुतेक वेळा मोजणीची दुरुस्ती-रेषा असते. पृथ्वी गोल असल्यामुळे उत्तरेकडे जाताना रेखावृत्तं जवळ येतात आणि चौकोन बसेनासे होतात. साचलेली चूक ठरावीक अंतरावर अशी काढून टाकावी लागते.

ही जमीन रिकामी नव्हती, हेही इथेच सांगायला हवं. १८४२ च्या तहाने सॉक आणि मेस्क्वाकी या इथल्या मूळ रहिवाशांकडून मध्य आयोवा घेण्यात आला आणि १८४५ पर्यंत त्यांना निघून जायला लावलं. तुमच्या काउंटीचं, म्हणजे इथल्या जिल्ह्याचं, नाव पोवेशीक, ते एका मेस्क्वाकी प्रमुखाचं. गंमत, खरं तर गंमत नाहीच, अशी की १८५७ मध्ये मेस्क्वाकींनी शेजारच्या टामा काउंटीत स्वतःच्याच जुन्या प्रदेशातली ८० एकर जमीन पैसे मोजून विकत घेतली आणि ते परत आले. आजही ते तिथे आहेत. नव्या व्यवस्थेत राहायचं तर खरेदीखतच लागतं, हे त्यांनी ओळखलं होतं.

आता ‘इथेच का’. १८५४ च्या वसंतात चार जण या माळावर आले: ग्रिनेल, दुसरे एक उपदेशक होमर हॅमलिन, भूमापक हेन्री हॅमिल्टन आणि डॉक्टर थॉमस होलिओक. म्हणजे दोन पाद्री, एक मोजणीदार आणि एक डॉक्टर. गाव काढायला याहून नेमकी टोळी मी तरी ऐकली नाही. तोपर्यंत आयोवात येणारे लोक नदीकाठ आणि झाडी धरून राहत. सरपणाला, कुंपणाला, घराला लाकूड हवं आणि गुरांना पाणी. उघड्या गवताळ माळावर राहणं खुळेपणाचं समजलं जाई. पण रेल्वेची नजर वेगळी असते. तिला नदीकाठ नको असतो, कारण तिथे पूल बांधावे लागतात आणि चढउतार येतात. तिला दोन नद्यांच्या मधला पाणलोटाचा उंचवटा हवा असतो. उत्तरेला आयोवा नदी, दक्षिणेला स्कंक नदी, आणि मधल्या त्या उंचवट्यावर तुमचं गाव. रेल्वेचं काम करणाऱ्या हेन्री फार्नमसारख्या लोकांकडून ग्रिनेलला रूळ कुठून जाणार याचा अंदाज मिळाला होता, आणि उत्तर-दक्षिण जाणारी दुसरी रेषाही कधीतरी इथेच आडवी येईल अशी चिन्हं होती. ‘नदी नाही’ हे तुम्हाला खटकतं ना? नदी नाही म्हणूनच ही जागा निवडली.

सरकारी जमिनीचा किमान भाव एकरी सव्वा डॉलर होता. सैनिकांना मिळालेली जमिनीची हक्कपत्रं बाजारात विकली जात, त्यांनी त्याहूनही स्वस्त पडे. म्हणून जुन्या कागदांत पहिला मालक म्हणून कधीही आयोवात न आलेल्या एखाद्या सैनिकाचं किंवा त्याच्या विधवेचं नाव दिसलं तर गोंधळू नका. एकराने घ्यायचं आणि प्लॉटने विकायचं, एवढंच या धंद्याचं गणित. ले-आउटचा नकाशा काढायचा, त्यावर मालकाने सही करायची, काउंटीच्या दप्तरात त्याची नोंद करायची. ती नोंद म्हणजे कायद्याच्या भाषेत गावाचा जन्म. त्या दिवशी जागेवर एक झोपडी नसली तरी चालतं.

असे ले-आउट १८५० च्या दशकात आयोवात शेकड्यांनी निघाले. कागदावर हमरस्ते, चौक, कॉलेजची जागा सगळं असे, जमिनीवर गवत. त्यातले कित्येक पुढे रीतसर रद्द झाले आणि तिथे आज मका आहे. म्हणून ‘स्थापना’ या गोष्टीला मी फार किंमत देत नाही. खरी परीक्षा पुढच्या दहा वर्षांत असते.

ग्रिनेलची परीक्षा कडक होती. रूळ १८५६ च्या आरंभी आयोवा सिटीपर्यंत आले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये रॉक आयलंडजवळ मिसिसिपीवरचा पहिला रेल्वेपूल सुरू झाला आणि महिन्याच्या आत एफी ॲफ्टन नावाची आगबोट त्याला धडकली. बोटवाल्यांनी खटला भरला. पुलाच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकिलांत अब्राहम लिंकन होते. मग १८५७ ची मंदी आली, पैसा आटला आणि रुळांचं काम रखडलं. ग्रिनेलला गाडी पोचली ती १८६३ मध्ये. म्हणजे रेल्वेच्या भरवशावर काढलेलं गाव नऊ वर्षं रेल्वेशिवाय होतं. विटांपासून खिळ्यांपर्यंत सगळं बैलगाडी-घोडागाडीने.

या नऊ वर्षांत ते मेलं का नाही, हा तुमच्या प्रश्नाचा गाभा आहे, आणि माझं उत्तर आहे कॉलेज. ग्रिनेल आणि मंडळी काँग्रिगेशनल या प्रॉटेस्टंट पंथाची, अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंडच्या वळणाची. त्यांना वसाहतीत अशीच माणसं हवी होती: चर्चला जाणारी, दारू न पिणारी, गुलामगिरीच्या विरोधातली. मराठी वाचकाला हा पंथ अगदी परका नाही. अहमदनगरचं, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचं, अमेरिकन मराठी मिशन चालवणारे आणि १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ सुरू करणारे मिशनरी मुख्यतः याच मंडळींपैकी. जातील तिथे शाळा, ही त्यांची सवय. ग्रिनेलने प्लॉटविक्रीचा पैसा एका विद्यापीठासाठी राखून ठेवला होता. विद्यापीठ नव्हतंच, पैसा मात्र बाजूला पडत होता. तिकडे डेव्हनपोर्टमध्ये १८४६ पासून आयोवा कॉलेज होतं आणि तिथल्या नगरपालिकेने कॉलेजच्या आवारातून रस्ता काढायचं ठरवलं. कॉलेज वैतागलं, १८५८-५९ मध्ये ते उठून ग्रिनेलला आलं. (पुढे उत्तर-दक्षिण रेल्वे आली ती बरोबर कॉलेजच्या आवारातून गेली. आजही गाड्या तिथूनच जातात. भूमापकाला यात थोडं हसू येतं.)

ग्रिनेल हा माणूस नुसता प्लॉटवाला नव्हता, हे मान्य करायला हवं. फेब्रुवारी १८५९ मध्ये गुलामगिरीविरुद्ध शस्त्र उचललेला जॉन ब्राउन मिसुरीतून सोडवून आणलेल्या गुलामांना घेऊन उत्तरेकडे निघाला होता, तेव्हा ग्रिनेलने त्याला उघडपणे आसरा दिला. ते बेकायदा होतं. पुढे ग्रिनेल काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, गेला, आणि १८६६ मध्ये केंटकीच्या एका सदस्याने संसदेच्या इमारतीच्या ओसरीत त्याला छडीने मारलं. इतकी कडवी मतं असलेल्या माणसाच्या मागे लोक गाड्या भरून येतात, नुसत्या स्वस्त प्लॉटसाठी येत नाहीत. पण तोच माणूस रेल्वेच्या कारभारातही पुरता गुंतलेला होता. ध्येय आणि धंदा वेगळे काढायचा प्रयत्न मी सोडून दिला आहे. कागदांत ते एकाच सहीखाली असतात.

१८७० च्या सुमारास दुसरी रेल्वे उत्तर-दक्षिण आली आणि गावात फुली पडली. ही फुली मोलाची. एकाच रेल्वेवरचं गाव भाड्याच्या बाबतीत त्या कंपनीच्या मुठीत असतं. दोन असतील तर व्यापाऱ्याला घासाघीस करता येते, कारखानदाराला दोन दिशांना माल पाठवता येतो. तुमच्या पूर्वेला ब्रुकलिन आणि माल्कम, पश्चिमेला केलॉग आणि न्यूटन ही स्टेशनं मोजा. दर सहा ते दहा मैलांवर एक. वाफेच्या इंजिनाला पाणी हवं, आणि शेतकऱ्याने सकाळी धान्य भरून निघून संध्याकाळी घरी परत यायला हवं, म्हणून एवढं अंतर. मोटारी आल्यावर या अंतराचं कारणच संपलं. माल्कम आज तीनशेच्या आत आहे. त्या गावाने काही चूक केली नाही. त्याचं काम संपलं.

आता एक अपवाद, कारण माझ्या धंद्यात सगळे म्हणतात की काउंटीचं ठाणं मिळालं की गाव जगतं. कोर्ट, दप्तर, वकील, खानावळी सगळं मागोमाग येतं. बऱ्याच ठिकाणी ते खरंही आहे. पण पोवेशीक काउंटीचं ठाणं ग्रिनेल नाही, माँटेझुमा आहे. ते ग्रिनेलच्या आधीच ठरलं होतं. कोर्ट तिकडे असून त्या गावाची वस्ती दीड हजाराच्या आत आहे, आणि काउंटीतले निम्मे लोक ग्रिनेलमध्ये राहतात. तसंच इलिनॉयमधलं अर्बाना पाहा. काउंटीचं ठाणं तिथे होतं, पण १८५४ मध्ये इलिनॉय सेंट्रल रेल्वे दोन मैल पश्चिमेकडून गेली, स्टेशनाभोवती नवं गाव उभं राहिलं, आणि ते शँपेन आज अर्बानापेक्षा मोठं आहे. ठाणं आणि रेल्वे यांत निवड करायची असती तर एकोणिसाव्या शतकात मी रेल्वे निवडली असती.

वाढ सरळ रेषेत झाली नाही. १७ जून १८८२ च्या रात्री चक्रीवादळ आलं, गावात चाळीसच्या आसपास माणसं गेली आणि कॉलेजच्या इमारती भुईसपाट झाल्या. पूर्वेकडे जाऊन देणग्या गोळा करून ते पुन्हा बांधलं. १८८९ मध्ये आगीने बाजारपेठेचा बराच भाग खाल्ला. म्हणून तुम्हाला बाजारात दिसणाऱ्या जुन्या विटांच्या इमारती बहुतेक त्यानंतरच्या आहेत. स्थापनेच्या काळातलं शोधत बसू नका. कोपऱ्यावरची ती दागिन्याच्या पेटीसारखी बँक मात्र नीट पाहा. वास्तुविशारद लुई सलिव्हन यांनी म्हातारपणी मिडवेस्टमधल्या लहान गावांत ज्या थोड्या बँका बांधल्या, त्यांतली ही १९१४ ची.

कारखानेही आले. स्पॉल्डिंगचा बग्ग्यांचा कारखाना मोठा होता. नंतर त्यांनी मोटारीही बनवल्या, पण डेट्रॉइटपुढे टिकले नाहीत. शेजारच्या न्यूटनमध्ये मेटॅगचं धुलाईयंत्र आलं आणि ते गाव ग्रिनेलपेक्षा कितीतरी मोठं झालं. मग २००६ मध्ये कंपनी व्हर्लपूलने विकत घेतली आणि २००७ मध्ये न्यूटनचा कारखाना बंद झाला. न्यूटन आजही उभं आहे, पण तो घाव मोठा होता. ग्रिनेलचं टिकणं मला यात दिसतं: त्याची सगळ्यात मोठी संस्था विकून हलवण्यासारखी नाही. कॉलेजकडे आज दोन अब्ज डॉलरहून जास्त ठेव आहे. इंटेलचे सहसंस्थापक रॉबर्ट नॉइस याच गावात वाढले, याच कॉलेजात शिकले, आणि कॉलेजने इंटेलमध्ये अगदी सुरुवातीला पैसे घातले, त्याचाही त्यात वाटा आहे. त्याखेरीज विम्याची मोठी कंपनी, आणि दक्षिणेला काही मैलांवरून गेलेला आंतरराज्य महामार्ग ८०. तो वीस मैल बाजूने गेला असता तर मी हे सगळं इतक्या खात्रीने लिहिलं नसतं.

म्हणून हे उत्तर जसंच्या तसं दुसऱ्या गावाला लावू नका. नदीकाठच्या आणि खाणींच्या गावांचं शास्त्र वेगळं. इलिनॉयमधलं गलीना शिशाच्या खाणींवर आणि बोटींवर चढलं, खाणी ओसरल्या, नदी गाळाने भरली, आणि आज ते तीन हजारांच्या थोडं वर आहे. आयोवातलं पेला हे १८४७ मध्ये हेंड्रिक स्कोल्टे यांच्यामागे आलेल्या डच कुटुंबांचं गाव. तिथे मंडळी आधी आणि जागा नंतर. तुमचे नातेवाईक दुसऱ्या गावात असतील तर आधी विचारा: ले-आउटची नोंद रेल्वेच्या आधीची की नंतरची? रस्ते रुळांना समांतर, तिरके असतील तर गाव बहुधा रेल्वेने काढलं. ग्रिनेलसारखे दिशांना धरून असतील तर मोजणीच्या चौकोनात आधी गाव आखलं गेलं. नंतर जोडलेल्या वस्त्यांची नावं आणि तारखा पाहा. त्यांच्यात खंड पडतो तिथे मंदी सापडते.

दारूची अट. हो, मूळ गावातल्या प्लॉटच्या खतांत ग्रिनेलने ती घातली होती: दारूविक्री झाली तर जमीन परत जाईल. आयोवाच्या कायद्यानुसार अशा जुन्या अटी आणि जमीन परत जाण्याचे हक्क २१ वर्षांत रीतसर दावा नोंदवून जिवंत ठेवले नाहीत तर संपतात. म्हणजे घाबरायचं कारण दिसत नाही. तरी तुमच्या कागदात नेमकं काय लिहिलंय ते मी पाहिलेलं नाही, तेव्हा व्यवहार करताना वकिलाकडून वाचून घ्या. आणि तुमचं घर नंतरच्या वाढीव वस्तीत असेल तर ती अट मुळात नसेलही.

पाहायचं कसं? आयोवात घर घेताना मालकीच्या साखळीचा गोषवारा मिळतो, त्याला इथे ॲबस्ट्रॅक्ट म्हणतात. जुन्या घराचा असेल तर तो जाडजूड असतो. शेवटून वाचू नका, पहिल्या पानापासून वाचा: सरकारकडून पहिली खरेदी कोणाची, मग प्लॉट कोणी पाडले. सरकारी पहिल्या विक्रीचे दाखले संघराज्याच्या जमीन खात्याच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. तिथे नाव नसलं तरी टाउनशिप आणि सेक्शनचे आकडे टाकले की पुरतं. मूळ ले-आउट पाहायचा असेल तर मात्र माँटेझुमाला जावं लागेल, काउंटीचं दप्तर तिथे आहे. गाडीने वीसेक मैल. जाण्याआधी फोन करा आणि गावाच्या मूळ ले-आउटसोबत तुमच्या वस्तीचा वाढीव ले-आउटही काढून ठेवायला सांगा.